लढाईवरून आलेल्या पत्रांतले पैसे कसे मोजायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीच्या ट्रंकेत पणजोबांची चार पत्रं सापडली, सोबत सात छापील चिठ्ठ्या. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून बसऱ्याकडे, म्हणजे आजच्या इराकात, गेलेले, साधे शिपाई, गाव सातारा जिल्ह्यातलं. पत्रं मोडीत आहेत, भाच्याने शिकून वाचली. त्यात दर पत्रात पैसे, एका ठिकाणी ७११ रुपये, दोन ठिकाणी २२११ रुपये. घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं की थोरल्या भावाने हे पैसे खाल्ले आणि रान सावकाराच्या घशात गेलं. आता आकडे बघून तुम्हाला ते पटायला लागलंय. शिवाय चारही पत्रांत बायकोबद्दल एक ओळ धड नाही, याचंही वाईट वाटतंय.

आधी आकड्यांचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ते ७११ नाहीत, ७॥ आहेत. साडेसात. आणि २२११ म्हणजे २२॥, साडेबावीस. जुन्या लिखाणात अंकापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. रुपयाच्या बाबतीत पाव म्हणजे चार आणे, अर्धा म्हणजे आठ आणे. भाच्याचा दोष नाही. इंग्रजी अंकांची सवय असलेल्या डोळ्याला या दोन रेघा हमखास अकरा दिसतात. गंमत म्हणजे त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या की अर्थ बदलतो. मु॥, पो॥, ता॥, जि॥ यांत त्या फक्त शब्द तोडल्याची खूण आहेत. अंकापुढे अर्धा, अक्षरापुढे संक्षेप, एवढं लक्षात ठेवून चारही पत्रं पुन्हा वाचायला सांगा. आणखी दोन-तीन ठिकाणी अर्थ बदलेल.

पगाराशी ताडून बघितलं असतं तरी शंका आली असती. त्या लढाईच्या वेळी पायदळातल्या हिंदी शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता. ७११ रुपये म्हणजे पाच वर्षांहून जास्त पगार एका मनीऑर्डरीत. मोहिमेवर भत्ता वेगळा आणि शिधा सरकारी, त्यामुळे हातात बरंच उरायचं हे खरं, पण इतकं नाही. कुठल्याही जुन्या पत्रातला आकडा वाचला की तो माणसाच्या महिन्याच्या कमाईशी लावून बघायचा. बसला नाही तर आधी आपल्या वाचनावर संशय घ्यायचा, मग माणसांवर.

तेव्हा खरा प्रश्न मोडी वाचण्याचा राहिलेला नाही. तो हिशेबाचा आहे. किती पाठवले, कुणाच्या हाती पडले, आणि तेवढ्याने काय भागणार होतं. ही पत्रं म्हणजे एका माणसाने दूर बसून चालवलेली खतावणी आहे, म्हणून ती खतावणीसारखीच मांडावी लागते. भावनेने वाचत गेलात तर एका भावाला चोर ठरवून मोकळे व्हाल.

कागदांना हात लावण्याबद्दल थोडंसं, कारण फोटोत एका पत्राला सेलोटेप दिसतेय. ती आता ओढून काढू नका, अक्षरं सोबत येतील. लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटोत तिसऱ्या पत्राचा मजकूर जांभळट दिसतो, म्हणजे ती बहुतेक कॉपिंग पेन्सिल आहे, तेव्हा फार वापरात असलेली. तिला ओल लागली की जांभळा रंग पसरतो आणि मजकूर गेलाच समजा. घडी उलगडायला पाण्याचा हात लावू नका. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, एकदा समोरून उजेडात आणि एकदा दिवा एका कडेला आडवा ठेवून, म्हणजे पुसट शिक्के उठून दिसतात. मागच्या बाजूला कोपऱ्यात शिसपेन्सिलने हलका क्रमांक टाका. आणि कुठली चिठ्ठी कुठल्या पत्राच्या घडीत होती ते आठवत असेल तर आत्ताच लिहून ठेवा. ती जोडी एकदा मोडली की परत जुळत नाही.

आता तारखा. तुमच्या पहिल्या पत्रावर शके १८३८ मार्गशीर्ष, दुसऱ्यावर शके १८३९ ज्येष्ठ, तिसऱ्यावर फक्त 'आश्विन', चौथ्यावर शके १८४० माघ. शकात ७८ मिळवले की इंग्रजी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. म्हणजे पहिलं पत्र १९१६ च्या अखेरचं, दुसरं १९१७ च्या मे-जूनमधलं, आणि चौथं १९१९ च्या फेब्रुवारीच्या आसपासचं. तुम्ही चौथ्याला १९१८ धरलंत, तिथे एक वर्ष घसरलं आणि त्यामुळे पुढची सगळी गोष्ट उलटी दिसायला लागली. त्यावर खाली येतोच. तिसऱ्याला शक नसला तरी पाकिटावरचा शिक्का बघा. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यात तारीख असते, आणि मागे तुमच्याकडच्या टपाल कचेरीचा पोचल्याचा शिक्का असायला हवा. फील्ड पोस्टाच्या नुसत्या नंबरावरून ठिकाण ठरवू नका. ती ऑफिसं फौजेबरोबर हलत असत, एकच नंबर आज एका गावी तर चार महिन्यांनी भलतीकडे. तिकिटावर आय.ई.एफ. अशी छपाई असेल तर ते मोहिमेवरच्या फौजेसाठीचं तिकीट. पत्त्यात त्यापुढे 'डी' असेल तर ती मेसोपोटेमियातली फौज.

पलटण कुठली हे तुम्हाला माहीत नाही म्हणालात. घरात पदक आहे का बघा. ब्रिटिश वॉर मेडल हे गोल चांदीचं पदक असतं आणि त्याच्या कडेवर, नाण्याच्या कंगोऱ्याच्या जागी, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक ठोकलेली असते. लोक पदकाचं तोंड घासून घासून चकचकीत करतात आणि कड बघतच नाहीत. पलटण कळण्याचा उपयोग असा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज तुर्कांच्या हाती गेली. १९१६ च्या अखेरीला पैसे पाठवणारा माणूस त्या वेढ्यात सापडलेला नव्हता, एवढं नक्की. तो त्याच पलटणीच्या मागाहून गेलेल्या तुकडीत असेल किंवा दुसऱ्याच पलटणीत, १०५, ११४ वगैरे. या मराठा पलटणी १९२२ मध्ये एका रेजिमेंटखाली आल्या. तिचं केंद्र पुढे बेळगावला झालं, म्हणून नंतरच्या कागदांत ते नाव दिसतं.

आता मुख्य काम. एक तक्ता करा, पण एका पत्राला एक ओळ अशी नको, एका रकमेला एक ओळ. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पहिल्या पत्रात 'रुपये २२॥ पाठविले आहेत, पोच लिहावी' असं आहे. दुसऱ्यात 'मागील २२॥ ची पोच आली नाही, हल्ली १५ रवाना केले' असं आहे. तुम्ही २२॥ दोनदा धरलेत. ती एकच रक्कम आहे, फक्त तिची काळजी दोनदा केलेली आहे. लढाईवरच्या पत्रांत एकच रक्कम तीन-तीन पत्रांत येते, कारण टपाल हळू जातं आणि पोच यायच्या आधी पुढचं पत्र लिहायची वेळ येते. म्हणून रकमेला क्रमांक द्या आणि पुढे रकाने करा: कुठल्या पत्रात पहिल्यांदा उल्लेख, कुठल्या वाटेने पाठवली, कुणाच्या नावे, कशासाठी, आणि पोच कुठल्या पत्रात कबूल केली. शेवटचा रकाना रिकामा राहिला म्हणजे पैसे बुडाले असं नव्हे. ते पत्रच तुमच्यापर्यंत टिकलं नसेल. सव्वादोन वर्षांत माणसाने चारच पत्रं लिहिली असं होत नाही.

एक्सेल वापरणार असाल तर सावध राहा. १७-८-० म्हणजे सतरा रुपये आठ आणे, पण एक्सेल त्याची १७ ऑगस्ट करून टाकतं. रुपये, आणे, पै यांचे तीन वेगळे रकाने करा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. सतरा रुपये आठ आण्यांना १७.८ लिहिणारेही भेटतात, ते १७.५ आहेत.

वाटेचा रकाना का महत्त्वाचा ते सांगतो. शिपायाचे पैसे तीन वाटांनी घरी येत. एक, तो स्वतः फील्ड पोस्टातून मनीऑर्डर करी. दोन, मोहिमेवर जाताना पगारातली ठरावीक रक्कम घरच्यांना द्या असं तो लिहून देई, आणि ती पलटणीच्या हिंदुस्थानातल्या डेपोतून दरमहा परस्पर घरी जाई. तीन, रजेवर किंवा जखमी होऊन परतणाऱ्या गावकऱ्याच्या हाती. या तिसऱ्या वाटेचा कागद नसतो, पत्रात 'अमक्याचे हस्ते' एवढंच सापडतं, आणि भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. तुमच्या पत्रांत ती वाट कुठे दिसत नाही. पण पहिल्या पत्रात शेवटी दाटीवाटीने एक ओळ आहे, 'डेपोतील दरमहा रुपये पाच तिकडे पोचतात की नाही ते लिहावे.' तुम्ही ती सोडून दिलीत. सगळ्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम तीच आहे. पहिल्या पत्रापासून चौथ्यापर्यंत साधारण २६ महिने होतात. पाच प्रमाणे १३० रुपये. आणि त्याने हाताने पाठवलेले मिळून २२॥ अधिक १५ अधिक ७॥, म्हणजे ४५. बिनबोभाट येणाऱ्या पैशाबद्दल माणूस लिहीत नाही, अडलेल्या पैशाबद्दल लिहितो. म्हणून पत्रात ज्याचा गाजावाजा जास्त ती रक्कम बहुधा लहान असते.

एकूण १७५ रुपये, सव्वीस महिन्यांत. पत्रं गहाळ असतील तर थोडे जास्त. पाच हजारांच्या घोटाळ्याची गोष्ट इथे संपते.

आता त्या सात चिठ्ठ्या. माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा पुरावा त्या आहेत, पत्रं नव्हेत. मनीऑर्डरीच्या फॉर्मला दोन तुकडे जोडलेले असत. एक कुपन, ज्यावर पाठवणाऱ्याला दोन शब्द लिहायला जागा असे. पैसे देताना पोस्टमन ते फाडून पैसे घेणाऱ्याला देई. दुसरा तुकडा पोचपावती. त्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन तो पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे घरच्या ट्रंकेत कुपन सापडलं तर तेवढे पैसे घरात कुणाच्या तरी हाती पडले हे जवळपास सिद्ध झालं. आणि अंगठ्याची पोचपावती सापडली तर ती पणजोबांनी तिकडून जपून परत आणलेली आहे, आणि पैसे नक्की कुणी घेतले ते तिच्यावर आहे. तुमच्या फोटोत सातही चिठ्ठ्यांची एकच बाजू आहे, त्यामुळे कुठली काय ते सांगता येत नाही. एका चिठ्ठीच्या कडेला मात्र काळसर डाग दिसतो. तो अंगठा असू शकतो. अडाणी माणसाने पैसे घेतले की अंगठ्याशेजारी साक्षीदार सही करी. खेड्यात तो साक्षीदार पाटील, मास्तर किंवा शेजारचा दुकानदार असायचा. पाठवणाऱ्या कचेरीचा शिक्काही बघा. फील्ड पोस्टाचा नंबर असेल तर त्याने स्वतः पाठवलेली रक्कम, इकडच्या गावाचं नाव असेल तर डेपोची.

मग रान गेलं कसं? तिसऱ्या पत्रात सगळं आहे; त्यातलं 'खत' म्हणजे कर्जाचा रोखा. 'दीडशे रुपयांचे खत आहे, शेकडा दोन प्रमाणे व्याज देत जावे परंतु खत पलटू देऊ नये. रानाचा ताबा देऊ नये. बैल विकू नये.' तुम्ही याला नुसती कटकट म्हणालात. मी म्हणेन, कर्ज कसं वाढतं हे नेमकं कळलेल्या माणसाची ही भाषा आहे.

शेकडा दोन म्हणजे दरमहा शंभराला दोन, वर्षाला चोवीस. त्या काळच्या खतात दर बहुधा महिन्याचा असे, त्याला वर्षाचा समजू नका. दीडशेवर महिना तीन रुपये, वर्षाला छत्तीस, सव्वीस महिन्यांचे अठ्ठ्याहत्तर. आलेल्या १७५ मधून हे वजा केले की ९७ उरतात, म्हणजे महिना पावणेचारच्या आत. त्यात शेतसारा, बी-बियाणं, मीठ, कापड, आजारपण. लढाईच्या शेवटच्या वर्षांत कापड, रॉकेल, धान्य सगळं कडाडलं होतं, आणि १९१८ ला पाऊस गेला. मूळ दीडशेतला एक रुपया फिटायला वाव नव्हता. ही वजाबाकी थोरल्याला निर्दोष ठरवत नाही. पण रान जायला घरात चोर असण्याची गरज नव्हती, एवढं ती नक्की दाखवते.

'खत पलटू देऊ नये' यावर थोडं थांबू या. मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला दामदुपटीचा आधार होता. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नसे. दीडशेच्या खतावर व्याज कितीही तुंबलं तरी दावा तीनशेच्या वर जात नाही. पण दोन वर्षांचं व्याज थकलं आणि सावकाराने म्हटलं, चला, नवं खत करू, की १५० अधिक ७२ असे २२२ हे नवं मुद्दल. आता महिन्याचं व्याज चार रुपये सात आणे, आणि दामदुपटीची हद्द ४४४. सावकार एक पैसाही नव्याने देत नाही, फक्त कागद बदलतो. मुदतबाह्य होऊ नये म्हणूनही त्याला खत पलटून हवंच असतं. तुमचा भाग १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याखाली येणारा, म्हणजे दावा झालाच तर कोर्टाला जुन्या खतांपर्यंत मागे जाऊन खरं मुद्दल किती ते तपासता येई. पण त्यासाठी कोर्टात उभं राहणारं माणूस घरात हवं, आणि जे राहिलं असतं ते बसऱ्याला.

ताब्याचंही तसंच. नजरगहाणात रान आपणच कसतो, सावकाराकडे फक्त कागद. ताबेगहाणात रान त्याच्याकडे जातं आणि पीक व्याजापोटी तोच खातो. मुदत खरेदी हा तिसरा प्रकार, दिसायला विक्री, आत मुदतीत पैसे परत केले तर रान परत देण्याची बोली. तुमच्या घरचा व्यवहार यांतला कुठला, हे पत्रावरून ठरत नाही, आणि वरचा माझा हिशेबही त्यावर अवलंबून आहे. आधीपासूनच ताबेगहाण असेल तर महिना तीन रुपये द्यावेच लागले नसतील, मग ते ७८ रुपये कुठे गेले हा प्रश्न रास्त ठरेल. 'ताबा देऊ नये' या शब्दांवरून निदान ते पत्र लिहिताना ताबा घरात होता असं दिसतं. तिसऱ्या पत्रातच 'साहेबांचा दाखला मिळाल्यास पाठवितो, मुन्सफाकडे द्यावा' अशी ओळ आहे, मुन्सफ म्हणजे दिवाणी न्यायाधीश. लढाईवर असलेल्या शिपायावरचे दावे थांबवण्यासाठी १९१८ मध्ये कायदा झाला होता, त्याच्याशी हे जुळतं, आणि मग शक नसलेलं तिसरं पत्र १९१८ च्या आश्विनातलं असण्याची शक्यता वाढते. पाकिटावरचा शिक्का याची खात्री करील. मात्र खत वडिलांच्या नावावर असेल तर तो दाखला कितपत कामाला आला असेल याबद्दल मी साशंक आहे.

आता तारखेच्या घसरगुंडीवर. चौथ्या पत्रात आहे, 'तीर्थरूपांचे वर्तमान कळले. आता पैसे दादांचे नावे करण्यास सांगितले आहे.' तुम्ही ते १९१८ च्या सुरुवातीचं धरलंत, म्हणून असं दिसलं की वडील आधीच गेले, दादा मालक झाले, आणि नंतरच्या आश्विनात पणजोबा ताबा देऊ नका म्हणून भावाच्या विनवण्या करतायत. क्रम उलटा आहे. आश्विन १९१८ चं पत्र वडिलांनाच उद्देशून आहे. मायना बघा, 'तीर्थरूप... यांचे चरणी साष्टांग नमस्कार'. त्याच सुमाराला इन्फ्लुएंझाची साथ आली आणि मुंबई इलाख्यात लाखो माणसं गेली. तुमचे खापरपणजोबा त्यात गेले की आणखी कशाने, ते पत्र सांगत नाही. पण फेब्रुवारी १९१९ पर्यंत मनीऑर्डरी वडिलांच्या नावावर होत्या. नाव बदलेपर्यंत डेपोचे पाच रुपये मेलेल्या माणसाच्या नावावर येत राहिले असतील, आणि पैसे घेणारा हयात नसेल तर मनीऑर्डर परत फिरते. पीक बुडालेलं, घरात मृत्यू, आणि नेमके तेच महिने पैसे बंद. तिकडे पणजोबांना वाटणार पैसे चाललेत, इकडे दादांना वाटणार भावाने हात आखडला. दोन घरांत शंभर वर्षं पुरेल इतका गैरसमज व्हायला एवढं पुरतं. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. सात चिठ्ठ्यांत वडिलांच्या नावची शेवटची आणि दादांच्या नावची पहिली, यांच्या तारखांत किती महिन्यांचं अंतर आहे ते पाहिलं की तो टिकतो की पडतो ते कळेल.

रान खरोखर कधी गेलं त्याचा कागद गावच्या दप्तरात असतो. तलाठ्याकडचे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार १९१५ ते १९२५ एवढे काढा. तिथे अडचण येईल ती नंबरांची. आज सातबाऱ्यावर गट नंबर आहे, तेव्हा सर्व्हे नंबर होता. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घ्या, नाहीतर भलत्याच रानाचा इतिहास वाचत बसाल. फेरफारात दस्ताचा नंबर आणि तारीख मिळाली की दुय्यम निबंधकाकडे सूचीत शोधून नक्कल मागा. दस्तात आधीच्या खताचा उल्लेख जवळपास नेहमी असतो, 'पूर्वीचे खताचे देणे पैकी' असा. तिथे १५० आहेत की २२२, यावरून खत पलटलं का ते कळेल. आणि खाली सही कुणाची, ते नीट बघा. निशाणी नांगराची असेल तर शेतकऱ्याने केलेली खूण आहे, शेजारी ज्याने नाव लिहिलं तो दस्तलेखक. दोघांची गल्लत करू नका. पणजोबा घरी परतल्यावर त्यांनी स्वतःच निशाणी केली असणंही अशक्य नाही, त्याची तयारी ठेवा.

राहिली बायकोबद्दलची ओळ. पत्र कोण लिहीत होतं आणि कोण वाचत होतं ते आधी धरा. चार पत्रांत तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, म्हणजे पणजोबा सांगत आणि पलटणीतला कुणी लिहिता येणारा सोबती लिहून देई. वरून अधिकाऱ्यांची तपासणी. इकडे गावात पत्र मास्तर किंवा पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाचणार, वडील, भाऊ, शेजारी ऐकणार. एवढ्या कानांतून जाणाऱ्या कागदावर त्या काळचा कुणी माणूस बायकोला काय लिहील? मायना वडिलांना, विचारपूस थोरांची, मग गुरांची. पण तिसऱ्या पत्रात पैशांच्या वाटणीची ओळ पुन्हा वाचा, जिथे तुम्ही ७११ वाचलं होतं: '७॥ पैकी सात खतात भरावे व आठ आणे चि. बाळूचे आईस बांगड्यांस द्यावे.' नाव घ्यायचं नाही म्हणून मुलाची आई. आणि ही रक्कम पाठवायचीच ती सात नव्हे, साडेसात, कारण वरचे आठ आणे वेगळे काढलेले आहेत. त्याच्या दिवसाच्या पगाराहून ते जास्त होतात, आणि ओट्यावर सगळ्यांसमोर वाचले गेल्यामुळे ते तिला न देण्याची सोय कुणाला राहिली नाही.

एवढ्यावरून आत्ता म्हणता येतं ते असं. पैसे हजारांत नव्हते, पावणेदोनशेच्या आसपास होते. त्यातले बहुतेक डेपोतून यायचे आणि व्याज-खाण्यात संपण्याइतकेच होते. थोरल्या भावाच्या नावावर पैसे यायला लागले ते १९१९ मध्ये, त्याआधीचा हिशेब त्याच्या माथी मारता येत नाही. त्यानंतर काय झालं ते दस्त आणि चिठ्ठ्या सांगतील.

तेव्हा सातही चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवा, शेजारी एक पट्टी ठेवून. काळ्या डागाची चिठ्ठी आधी. अंगठ्याशेजारची सही मोडीत असेल तर ती वाचून देतो, आणि तोवर टेपला हात लावू नका.